नूतन पत्राचा आक्षेप न करणे

गेल्या वैशाखातली दुपार. एरंडोलात त्या दिवसांत ऊन असे पडते की अंजनीच्या पात्रातले दगडसुद्धा डोळ्यांना खुपतात. अशा वेळी शेजारच्या आजी डोक्यावर पदर ओढून, हातात बँकेचे पासबुक घेऊन आमच्या ओट्यावर आल्या आणि ते माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "दर महिनाले मना पैसा कोन लई जास रे भाऊ?"

पासबुक उघडून पाहिले. दर महिन्याच्या सात तारखेला नव्याण्णव रुपये जात होते. महिन्यामागून महिना, असे चौदा महिने. नोंदीपुढे इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ होती. तिचा अर्थ मलाही लागेना. आजींचे म्हणणे एकच, की मी कोणाला काही द्यायचे कबूल केलेले नाही. नव्याण्णव रुपयांनी त्यांचे घर बुडत नव्हते. त्यांना जे सलत होते ते वेगळेच होते. आपल्या पेटीला बाहेरून कोणीतरी हात घालतो, तो ठरल्या दिवशी घालतो, आणि त्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही, हे ते सलणे होते.

मी जुन्या मोडी कागदांच्या नादी लागलेला माणूस. त्यामुळे ती इंग्रजी माळ वाचता वाचता माझ्या मनात एक अगदी निराळे वाक्य घोळू लागले. पेशवाईतली इनामाची आणि वर्षासनाची पत्रे ज्यांनी चाळली आहेत त्यांच्या ते परिचयाचे असेल. पत्राच्या शेवटी, मोर्तब उमटण्याच्या अलीकडे, लेखक लिहून जातो : "प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे. या पत्राची प्रति लिहून घेऊन हे पत्र भोगवटियास परतोन देणे." शब्द थोडे इकडेतिकडे होतात, अर्थ पालटत नाही. मुसलमानी अमलातल्या कागदांतही हेच कलम फारसी वेषात भेटते : हरसाल ताजा खुर्दखताचा उजूर न करणे, तालीक लिहून घेऊन असल परत देणे.

हे वाक्य मी कितीदा तरी नुसते ओलांडून पुढे गेलो असेन. मायना, तारीख, रक्कम, गाव एवढे टिपून घ्यावे आणि पुढचा कागद हाती घ्यावा, अशी आम्हां कागदवाल्यांची खोड. आजींच्या पासबुकाने मला त्या वाक्यापाशी थांबविले.

वर्षासनाचा व्यवहार कसा चाले ते आधी सांगितले पाहिजे. देणारा पुण्यात, घेणारा एखाद्या क्षेत्रात किंवा खेड्यात, आणि पैसा मात्र तिसऱ्याच ठिकाणी, परगण्याच्या कमाविसदारापाशी. तेव्हा हुजुरातून कमाविसदाराला पत्र जाई की अमक्यास सालिना इतके रुपये वर्षासन करार केले आहे, ते तुमच्या महालाच्या ऐवजी सालदरसाल पाववीत जाणे, पावलियाचे कबज घेणे, हिशेबी मजुरा पडेल. एकवारच द्यायची रक्कम असली तर महालावर वरात होई. आज वरात म्हटले की घोड्यावरचा नवरदेव आठवतो. त्या काळी कारकुनाला पैशाची चिठ्ठी आठवे. वरात वठली की तिचे काम संपले. वर्षासनाचे तसे नव्हते. ते चालूच राहायचे. म्हणून कमाविसदाराला दरसाल एक प्रश्न पडे : मालकाची मर्जी यंदाही तीच आहे हे कशावरून? तो सावध असला तर म्हणे, नवे पत्र आणा. तो लोभी असला तरी म्हणे, नवे पत्र आणा. नवे पत्र आणायचे म्हणजे पुण्याची वाट, दप्तरातल्या कारकुनाची मनधरणी आणि ठिकठिकाणी हात ओले करणे. बाराशे हेलपाटे घालून दहा रुपये मिळवायचे! ही अडवणूक होऊ नये म्हणून ते वाक्य. एकदा सांगितले ते नेहमीसाठी सांगितले. पुन्हा विचारू नका.

सोय मोठी होती यात संशय नाही. पण 'पुन्हा विचारू नका' या तीन शब्दांत जी गोम आहे ती देणाऱ्याच्या मागाहून लक्षात येते. मालक बदलतो, त्याचा हात आखडतो, ज्या गुणासाठी दिले तो गुण घेणाऱ्याच्या मुलात उतरत नाही, आणि रक्कम तर चालूच असते. शिवशाहीच्या परंपरेतल्या जाणत्यांना हे नीट उमगले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात वृत्ती आणि इनामे यांविषयी राजाला जे बजावले आहे त्याचा आशय असा, की सेवकाने पराक्रम केला तर त्याला बक्षीस द्यावे, वेतन वाढवावे, पण वंशपरंपरेची भूमी देऊ नये. कारण दिलेले परत येत नाही आणि देता देता राज्यच उरत नाही. तरीही दिलेली वृत्ती मोडू नये, असेही तेच आज्ञापत्र सांगते. देताना दहादा विचार कर, कारण मोडणे हे पाप आहे. आठराव्या शतकातले आपले सगळे राजकारण या दोन वाक्यांच्या ओढाताणीत गेले असे म्हटले तर ते फार चूक होणार नाही.

त्या ओढाताणीतला सर्वांत मोठा प्रसंग खानदेशाच्या अंगावरून गेलेला आहे. बाळाजी विश्वनाथाने १७१९ मध्ये दिल्लीहून ज्या सनदा आणल्या त्यांनी दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी शाहूमहाराजांना मिळाली. सहांत खानदेशचा सुभा होता. चौथाईबद्दल पंधरा हजार फौज बादशाही चाकरीत ठेवायची, सरदेशमुखीबद्दल मुलखाचा बंदोबस्त राखायचा, असा तो करार. म्हणजे पैसा फुकटचा नव्हता, त्याच्या मोबदल्यात काहीतरी करून द्यायचे होते. ते केले गेले की नाही याविषयी देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे मत कधीच एक झाले नाही, ही गोष्ट वेगळी.

निजामुल्मुल्काला हे देणे डाचत होते. उघड नाकारावे तर बादशाही सनद आड येते. तेव्हा त्या धूर्त गृहस्थाने १७२७ मध्ये जी युक्ती काढली तिला तोड नाही. तो म्हणाला, देणे मला मान्यच आहे. पण द्यायचे कोणाला? साताऱ्याचे शाहू म्हणतात मी छत्रपती, कोल्हापूरचे संभाजी म्हणतात मी छत्रपती. दोघांनी आपापले पुरावे माझ्यापुढे मांडावे, मी बादशहाचा सुभेदार या नात्याने निवाडा करीन, आणि तोवर वसुली बंद. रक्कम रद्द केली नाही, नुसती थांबविली. आणि थांबविण्याचे खापर घेणाऱ्याच्या घरातल्या भांडणावर फोडले! साताऱ्यातले काही मुत्सद्दीसुद्धा या तिढ्याने गडबडले. थोरल्या बाजीरावाने निवाड्याला उभे राहण्याऐवजी घोडे बाहेर काढले. खानदेशात उतरून, बऱ्हाणपुराला धाक घालून, गुजराथेत जाऊन तो असा काही फिरला की निजामाचा तोफखाना मागे राहिला आणि निजाम पुढे आला. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला तो पाण्यावाचून कोंडला गेला. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला आणि थांबलेली चौथाई पुन्हा चालू झाली. पालखेडची मोहीम युद्धशास्त्राची म्हणून शिकवतात, ते योग्यच आहे. पण तिचे मूळ एका अडविलेल्या सालिना रकमेत होते हे आमच्या शाळेत कोणी सांगितल्याचे आठवत नाही.

आता याच्या नेमका उलटा प्रसंग. तिथे घेणारा दुबळा होता आणि देणारा सबळ.

बऱ्हाणपूरच्या पलीकडे अशीरगड आहे. खानदेशातून उत्तरेकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा जुना पहारेकरी. जून १८१८ मध्ये त्याच्या परिसरात दुसरा बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. पेशवाईचा सूर्य शनिवारवाड्यावर मावळला असे आपण म्हणतो. तसे पाहिले तर तो मावळला आमच्या बाजूला, तापीच्या खोऱ्याच्या टोकाशी. माल्कमने लिहून दिले की राज्यावरचा हक्क सोडावा, दक्षिणेत पुन्हा पाऊल ठेवू नये, आणि कंपनी सरकार सालिना आठ लाखांपेक्षा कमी नाही इतकी नेमणूक देईल, स्वतःच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी. गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली. पण दिलेला शब्द मोडवेना, आणि बाजीराव त्रेचाळीस वर्षांचा, खचलेला. किती वर्षे जगेल, असाही हिशेब त्यामागे असावा.

बाजीराव ब्रह्मावर्ताला गेला आणि तिथे सुमारे बत्तीस वर्षे जगला. रणांगणात त्याने कधी कोणाला चकविले नसेल, पण या हिशेबात त्याने कंपनीला पुरते चकविले. आठ लाखांच्या दराने अडीच कोटींहून अधिक रुपये त्याच्या घरात गेले. जानेवारी १८५१ मध्ये तो वारला आणि त्याचा दत्तक पुत्र नानासाहेब याने विचारले, पुढील नेमणूक?

इथे सनदेतला तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला : देणे हयातीपुरते की वंशपरंपरेचे? आमच्या कारकुनांनी यासाठी दोन स्वच्छ शब्दप्रयोग ठेवले होते. "हयातीपर्यंत" म्हटले की माणसाबरोबर संपले. "पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने" म्हटले की चालू. माल्कमच्या कागदात यांपैकी काहीच नव्हते. 'स्वतःच्या आणि कुटुंबाच्या' एवढेच होते, आणि त्या 'कुटुंबा'वर दोन्ही पक्षांनी आपापला अर्थ बांधला. डलहौसी म्हणाला, बाजीरावाला तेहेतीस वर्षे भरपूर मिळाले, त्याने मागे संपत्तीही ठेवली आहे, औरस पुत्र नाही. आता कोणाचा काही हक्क उरत नाही. नानासाहेबाच्या बाजूचा युक्तिवाद माझ्या मते अधिक सुसंगत होता. तो असा : ही भीक नव्हे, ही राज्याची किंमत आहे, राज्य तुम्ही कायमचे घेतले, मग किंमत हयातीपुरती कशी? मे १८५३ मध्ये विलायतेतल्या डायरेक्टरांनी अर्ज फेटाळला. नानासाहेबाने अजिमुल्लाखानाला लंडनला धाडले, तोही हात हलवीत परत आला. पुढे १८५७ मध्ये कानपुरास काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. सत्तावनच्या उठावाची कारणे शोधताना केवळ या एका नेमणुकीवर बोट ठेवणे उथळपणाचे होईल. परंतु ती चालू राहिली असती तर नानासाहेब त्या वाटेने गेला असता का, हा प्रश्न इंग्रज इतिहासकारांनाही टाळता आलेला नाही.

मोठ्यांच्या या गोष्टी. आमच्या तालुक्यातली गोष्ट धाकट्यांची आहे, आणि मला ती जास्त जवळची वाटते. एरंडोलाहून थोड्याच अंतरावर धरणगाव आहे. आज तो स्वतंत्र तालुका आहे. पूर्वी एरंडोल तालुक्यातच होता. सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या घाटांवर बसलेल्या भिल्ल नाईकांना गावांची रखवाली आणि घाटांतली ये-जा यांबद्दल काही हक्क परंपरेने मिळत. होळकरांच्या १८०२ च्या धामधुमीने आणि पाठोपाठच्या दुष्काळाने खानदेश ओसाड पडला. गावेच नाहीशी झाली, तेव्हा हक्क कोण देणार? रखवालदार लुटारू झाले आणि मराठी अंमलदारांनी त्यांच्याशी जी क्रूर दगाबाजी केली तिने उरलासुरला विश्वासही संपला. १८१८ मध्ये धुळ्यास आलेल्या कॅप्टन ब्रिग्जने फौजेबरोबरच दुसराही उपाय धरला. नाईकांचे जुने हक्क कबूल करायचे आणि सरकारी खजिन्यातून नेमणुका बांधून द्यायच्या, बदल्यात त्यांनी घाट राखायचे. फौज जिथे हरली तिथे या बांधलेल्या रकमा पुष्कळदा जिंकल्या. मात्र शब्द पाळला गेला नाही अशी शंका आली की डोंगर पुन्हा पेटे. १८२५ मध्ये एल्फिन्स्टनच्या योजनेप्रमाणे भिल्लांचीच पलटण उभारायचे ठरले आणि ते काम जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या पोराकडे आले. त्याने धरणगावास ठाणे केले. लुटीचा आणि हक्काचा पैसा जाऊन महिन्याचा पगार आला. ती खानदेश भिल्ल पलटण १८९१ मध्ये पोलिसांत विलीन झाली.

त्या पलटणीच्या पराक्रमाची वर्णने इंग्रजांनी भरभरून लिहिली आहेत. मला त्यात एवढेच दिसते, की ज्याच्या पोटाचा आधार एका चालू रकमेवर आहे त्याच्या दृष्टीने ती थांबणे हा हिशेबाचा प्रश्न नसतो.

कंपनी सरकारने १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशन नेमले आणि इनामदारांना आपले हक्क कागदाने सिद्ध करायला लावले. तेव्हा त्या 'परतोन देणे'ची खरी किंमत लोकांना कळली. अस्सल पत्र घरात असेल तो तरला. उंदराने, वाळवीने, आगीने किंवा भाऊबंदकीने ते गिळले असेल तो बुडाला. कारण प्रत जरी पुण्याच्या दप्तरात असली तरी दप्तर सरकारच्या ताब्यात होते. (आमचे एरंडोल एके काळी हातकागदासाठी नावाजलेले होते. आमच्या कागदावर कोणाचे किती हक्क लिहिले गेले आणि किती वाळवीने खाल्ले, कोण जाणे!) पुढे १८७१ च्या पेन्शन कायद्याने आणखी एक दार लावून घेतले. सरकारने दिलेल्या नेमणुकीबद्दल कलेक्टरच्या दाखल्यावाचून दिवाणी कोर्टात दावाच चालू नये असे ठरले. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचीच परवानगी काढायची. स्वराज्यात वतने गेली. परगणे व कुलकर्णी वतनांचा कायदा १९५० चा, जातइनामांचा १९५२ चा, कनिष्ठ गाववतनांचा १९५८ चा. त्या सालांत आमच्या भागातले कित्येक वाडे एकाएकी हळहळले; पण ती हळहळ ऐकून महारवाड्यात कोणी डोळे पुसले असतील असे वाटत नाही. गावकीच्या कामाला पिढ्यान् पिढ्या बांधून ठेवणारे वतन मोडावे म्हणून डॉ. आंबेडकरांनी कितीतरी आधी, १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात विधेयक आणले होते. चालू रकमेने घेणाराही बांधला जातो, आणि ती बंद व्हावी म्हणून घेणाराच झगडतो, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही.

संस्थानिकांचे तनखे तर पुष्कळांच्या आठवणीतले आहेत. घटनेच्या २९१ व्या कलमाने त्यांची हमी दिली होती. सप्टेंबर १९७० मध्ये राज्यसभेत घटनादुरुस्ती निसटत्या मताने पडली, तेव्हा राष्ट्रपतींच्या एका आदेशाने राजांची मान्यताच काढून घेण्यात आली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे सुप्रीम कोर्टात गेले आणि १५ डिसेंबर १९७० रोजी कोर्टाने तो आदेश रद्दबातल ठरविला. अखेर डिसेंबर १९७१ मध्ये सव्विसाव्या दुरुस्तीने तनखे गेले. राजांविषयी मला ममत्व नाही. पण नानासाहेबाला जे मिळाले नाही ते शिंद्यांना मिळाले. 'मी देणारा, मी थांबविणारा' असे म्हणणाऱ्याला, थांबविण्याचीही एक रीत असते, असे ऐकवणारी जागा या वेळी अस्तित्वात होती.

इतका फेरफटका मारून मी आजींच्या पासबुकाकडे परत येतो, कारण त्या ओट्यावर बसूनच होत्या.

पेशवाईत देणारा एक आणि घेणारे हजार होते. आता प्रत्येक घर लहानसे हुजूर झाले आहे आणि त्याच्या दारात वर्षासनदार उभे आहेत : कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, वीज, मोबाइल, गाणी, सिनेमे. १९९० नंतरच्या दशकात रिझर्व्ह बँकेने ईसीएस आणली. खातेदाराने एकदा सही करायची आणि बँकेने ठरल्या तारखेस रक्कम वळती करायची. पुढे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाची नाच नावाची व्यवस्था आली. (हे नाव ज्याने ठेवले त्याला मराठी येत नसावी.) तिच्या छापील फॉर्मवर कोठून कोठपर्यंत या तारखांच्या रकान्याशेजारी 'रद्द करीपर्यंत' असाही एक चौकोन असे. त्यावर खूण केली की झाली वंशपरंपरेची सनद! जुलै २०२० पासून मोबाइलवरच यूपीआय ऑटोपे आले.

जुन्या सनदेत आणि या नव्या आज्ञेत एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळे दुखणे त्यातच आहे. सनद देणारा लिहीत असे. नवी आज्ञा घेणारा लिहितो. देणाऱ्याने फक्त मान डोलवायची असते, आणि ती बहुधा 'पहिला महिना फुकट' या पाटीकडे पाहताना डोलते. शिवाय अस्सल तर राहोच, तालीकसुद्धा देणाऱ्याच्या घरात नसते. आपण कोणाकोणास काय लिहून दिले याची यादी आपल्यापाशी नाही, ती दुसऱ्यांच्या दप्तरात आहे.

रिझर्व्ह बँकेने हे ओळखले, असे म्हटले पाहिजे. ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने तिने कार्डावरच्या अशा वजावटींना नियम घातले आणि मुदती वाढवीत वाढवीत १ ऑक्टोबर २०२१ पासून ते सक्तीचे केले. आज्ञा नोंदविताना, बदलताना आणि रद्द करताना खातेदाराची दुहेरी ओळख पटवायची. प्रत्येक वजावटीच्या निदान चोवीस तास आधी त्याला कळवायचे. त्या सूचनेतच नको म्हणण्याची सोय ठेवायची. ठरावीक रकमेवर गेले की दरवेळी नव्याने संमती घ्यायची. ही मर्यादा त्या वेळी पाच हजार होती, जून २०२२ मध्ये पंधरा हजार झाली, आणि विमा, म्युच्युअल फंड व क्रेडिट कार्डाची बिले यांच्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये एक लाख. त्या ऑक्टोबरात पुष्कळांच्या वजावटी अडल्या आणि व्यापाऱ्यांनी बरीच ओरड केली. मला मात्र मौज वाटली. तीनशे वर्षे 'नूतन पत्राचा आक्षेप न करणे' असे लिहीत आलेल्या देशात कोणीतरी प्रथमच लिहिले होते की, आक्षेप करणे! नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार गुन्ह्यात जमा केले. त्यांत वर्गणीचा सापळा हा एक आहे. घेताना एक पायरी आणि सोडताना भुलभुलैया, असे त्याचे थोडक्यात वर्णन.

वर्गणीवरून आठवले. जुन्या मासिकांचीही एक युक्ती होती. वर्ष संपत आले की छापायचे : नको असल्यास कळवावे, न कळविल्यास पुढील अंक व्ही. पी. ने पाठवू. आमच्या वडिलांच्या वेळी अशा व्ही. पी. दारात येत आणि वडील कधी त्या सोडवीत, कधी हात जोडून परत पाठवीत. पोस्टमन उंबऱ्यात उभा असे; त्याला तोंडाने 'नको' म्हटले की काम झाले. आताची चोवीस तासांची सूचना म्हणजे तोच पोस्टमन आहे, पण आपण गप्प राहिलो तर पैसे घेऊनच जाणारा.

आजींकडे तो पोस्टमन आला नव्हता का? येत होता, दर महिन्याला न चुकता येत होता. पण खात्याला जोडलेले सिमकार्ड नातवाच्या मोबाइलमध्ये, नातू सुरतेस कामाला, आणि सूचना इंग्रजीत. नातवाला फोन लावला. तो म्हणाला, "काका, ते गाण्यांचं होतं. पण ते अ‍ॅप तर मी केव्हाच काढून टाकलं!" इथे पुष्कळांची फसगत होते. अ‍ॅप काढणे म्हणजे घेणाऱ्याशी बोलणे टाकणे; आज्ञा त्याने मोडत नाही. खात्यात पैसे न ठेवणे हाही उपाय नव्हे. तो निजामी उपाय झाला. वजावट परत गेली की बँक दंड लावते, आणि कर्जाचा हप्ता असा बुडविला तर २००७ च्या पेमेंट कायद्याच्या पंचविसाव्या कलमाखाली चेक न वठण्यासारखाच गुन्हा होतो. आज्ञा मोडायची ती जिथे नोंदली तिथेच मोडावी लागते. नातवाला पैसे पाठवण्याच्या अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी शोधायला सांगितली. ती त्याला पाऊण तासाने सापडली. यादीत ते नाव होते, नावाखाली 'थांबवा' आणि 'रद्द करा' अशी दोन बटणे होती. मी म्हटले, थांबवू नकोस, रद्द कर. त्याने पिन घातला, आणि चौदा महिने चाललेले वर्षासन अर्ध्या मिनिटात संपले. गेलेले पैसे परत मिळाले नाहीत.

आजींनी पासबुक मिटायच्या आत मी सहज मागची पाने चाळली. उन्हाळ्याच्या अखेरीस, मेच्या शेवटी, वर्षातून एकदा वीस रुपये गेलेले दिसले. ही पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेची वजावट. २०१५ मध्ये बारा रुपये होती, २०२२ पासून वीस झाली. हीही आपोआपच जाते, आणि त्या बदल्यात अपघाताचा दोन लाखांचा विमा असतो. वयाच्या सत्तरीपर्यंत तो चालतो. आजींना आणखी दोन वर्षे होती. मी त्यांना समजावून सांगितले आणि विचारले, हेही बंद करायचे का?

आजींनी पासबुक माझ्या हातून घेतले, त्या ओळीवर बोट ठेवून थोडा वेळ पाहिले, आणि पदराखाली धरत उठल्या.

"ते राहू दे भाऊ," त्या म्हणाल्या. "तठे मी सही करेल शे."